फाईल उघडत नाही

थळ-नवगावपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पट्ट्यातल्या कुठल्याही घरातलं लोखंडी कपाट उघडा. दागिन्यांच्या खालच्या कप्प्यात, जमिनीच्या कागदांशेजारी, दोन-तीन चकत्या हमखास सापडतात. वर गुलाबाच्या चौकटीत नवरा-नवरी आणि खाली स्टुडिओचा लँडलाईन नंबर. लग्न २००० ते २०१०च्या दरम्यानचं असेल, तर ती बहुतेक व्हीसीडी असते: एक हळदीची, एक लग्नाची, एक पूजेची. ती लावायचं यंत्र घरातून केव्हाच गेलेलं असतं. गणपतीला मुंबईहून आलेला मुलगा कुठून तरी बाहेरून जोडायचा ड्राईव्ह आणतो आणि चकती लॅपटॉपला लावतो. आत सीडीआय, एक्स्ट, सेगमेंट असे फोल्डर दिसतात, आणि एमपीईजीएव्ही नावाच्या फोल्डरमध्ये एक मोठी फाईल असते: एव्हीसेक-झीरो-वन, पुढे टिंब, पुढे डॅट. तिच्यावर क्लिक केलं की लॅपटॉपच उलट विचारतो, ही कशात उघडू?

“खराब झाली वाटतं,” आई म्हणते.

अलिबागच्या बाजारपेठेत, मुरूडमध्ये, रोह्याला जे जुने स्टुडिओवाले टिकून आहेत, त्यांच्या काउंटरवर हे वाक्य रोज येतं. त्याची भावंडंही येतात. चित्र दिसतं पण आवाज नाही. आवाज येतो पण पडदा काळा. माझ्या फोनवर लागतं, टीव्हीवर लागत नाय. दादा, हे जरा कन्व्हर्ट करून द्या ना. या शेवटच्या मागणीपासून सावध राहायला हवं. न उघडणाऱ्या फायलींतल्या पुष्कळशा धडधाकट असतात. त्यांच्या आत काय आहे हे कोणी पाहिलेलं नसतं, आणि न पाहता केलेल्या कन्व्हर्टनं जे नुकसान होतं ते दमट हवेलाही इतक्या लवकर जमत नाही.

व्हिडिओची फाईल म्हणजे एक डबा. एमपी-४, एव्हीआय, एमकेव्ही, एमओव्ही, थ्रीजीपी ही सगळी डब्यांची नावं. आत चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचा एक असतो, कधी दोन-तीन असतात, कधी उपशीर्षकं असतात. चित्र आणि आवाज लहान करून भरण्याची आणि पुन्हा उलगडण्याची जी पद्धत, ती कोडेक. एकाच एमपी-४ डब्यात एच.२६४ असू शकतं, एचईव्हीसी असू शकतं, एव्ही-१ही असू शकतं. आवाज एएसी असेल किंवा एसी-३. डबा ओळखीचा आहे म्हणून टीव्ही तो उघडतो आणि आतला माल ओळखीचा नाही म्हणून गप्प बसतो. नावाच्या शेवटची तीन अक्षरं तर नुसतं लेबल. ती कुणीही खोडून बदलू शकतो, आणि मोबाईलच्या दुकानांत ती वर्षानुवर्षं बदलली गेली आहेत.

मग ओळखायचं कसं? फाईल स्वतःच सांगते. युनिक्समध्ये ‘फाईल’ नावाची एक छोटी आज्ञा १९७३ पासून आहे. ती नावाकडे बघतही नाही, पहिले काही बाइट वाचते. एव्हीआय असेल तर सुरुवातीला ‘आरआयएफएफ’ ही चार अक्षरं असतात. एमपी-४ कुळातली असेल तर पहिले चार बाइट सोडून पुढे ‘एफटीवायपी’. ऑग असेल तर ‘ऑगएस’. झाली डब्याची ओळख. कोडेकसाठी आणखी आत जावं लागतं. एमपी-४मध्ये ‘मूव्ह’ नावाचा एक कप्पा असतो. त्याच्या पोटातल्या यादीत प्रत्येक प्रवाहापुढे चार अक्षरांची खूण असते. ‘एव्हीसी१’ म्हणजे एच.२६४, ‘एचव्हीसी१’ किंवा ‘एचईव्ही१’ म्हणजे एचईव्हीसी, ‘एमपी४ए’ म्हणजे बहुधा एएसी, ‘एसएएमआर’ म्हणजे जुन्या फोनचं एएमआर. हे हातानं वाचत बसायची गरज नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे ही बटणं एकत्र दाबली की कोडेकची माहिती समोर येते. पॅरिसच्या एकोल सांत्रालमधल्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला आणि २००१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केलेला हा प्लेअर आपल्याकडे पिक्चर बघायला घराघरांत आहे, पण त्याच्या या खिडकीत डोकावणारे विरळा. अधिक तपशील हवा तर मीडियाइन्फो हे फुकट साधन आहे, आणि सगळ्यात खोल जाणारं एफएफप्रोब, फाब्रिस बेलारनं २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेग प्रकल्पातलं.

साधनं सांगतात तेही डोळे मिटून मानू नये. २००५ च्या आसपासच्या एव्हीआय फायलींत एक्सव्हिडनं बनवलेल्या चित्रावर डिव्हएक्सची खूण मुद्दाम मारलेली सापडते, कारण घरातला डीव्हीडी प्लेअर फक्त डिव्हएक्सला ओळखायचा. एव्हीआयमध्ये कोडेकची खूण दोन ठिकाणी लिहिलेली असते, आणि दोन्हीकडे वेगवेगळी असू शकते. आवाजातही असा एक चकवा आहे. एएसीच्या एका प्रकारात, एचई-एएसीत, वरच्या पट्टीचे स्वर वेगळ्या युक्तीनं साठवतात. वरवर वाचणारं साधन सेकंदाला २२,०५० नमुने सांगतं आणि प्रत्यक्ष वाजताना ४४,१०० निघतात. म्हणून जाणकार माणूस एका साधनावर थांबत नाही. थोडं चित्र उलगडूनही बघतो.

आता त्या आईच्या व्हीसीडीकडे येऊ. १९९३ मध्ये ठरलेलं हे मानक इतकं कडक आहे की फाईल न उघडताही आत काय असणार हे सांगता येतं. चित्र एमपेग-१, आपल्या पाल या टीव्ही पद्धतीत ३५२ बाय २८८ ठिपके, सेकंदाला २५ चौकटी, वेग सेकंदाला ११५० किलोबिट. आवाज एमपेग-१चा दुसरा थर, म्हणजे एमपी-२. एमपी-३चा थोरला भाऊ. त्याला २२४ किलोबिट. डॅट हे नाव बघून घाबरायचं कारण नाही. आत साधं एमपेगच आहे, फक्त सीडीच्या रचनेचं एक पातळ वेष्टण भोवती असतं. व्हीएलसी ते निमूटपणे वाजवतो.

चकतीची खरी अडचण वेगळी आहे. साध्या डेटा सीडीवर प्रत्येक तुकड्यासोबत चुका दुरुस्त करण्यासाठी जादा माहिती लिहिलेली असते. व्हीसीडीत चित्राच्या भागासाठी तिचा एक थर वगळला, म्हणून तर एका चकतीवर ७४ मिनिटं मावली. प्लेअरवर ओरखड्यापाशी चित्र दोन क्षण चौकोनी व्हायचं आणि पुढे जायचं. वऱ्हाडी चालवून घ्यायचे. संगणकावर तीच फाईल कॉपी करायला गेलं की पहिल्याच ओरखड्यापाशी विंडोज हात वर करतं आणि सगळी कॉपी रद्द करतं. घरचे समजतात सीडी गेली. ज्यांना व्हीसीडी म्हणजे काय हे माहीत आहे ते साधी कॉपी न करता चकतीवरचा ट्रॅक कच्च्या स्वरूपात वाचणारं साधन वापरतात, वाचता न येणारे तुकडे सोडून बाकीचं काढून घेतात, आणि वऱ्हाड पुन्हा चालू लागतं. कोकणातल्या पावसात कॅसेटला बुरशी येते, चकतीचा चकचकीत थर कडेनं सुटू लागतो. म्हणून हे काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलण्यासारखं नाही.

परदेशी गेलेल्यांची तऱ्हा आणखी निराळी. इथली ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, कुटुंबं १९४८ नंतर अलिबाग, रेवदंडा सोडून इस्राएलला गेली; तिकडेही पाल पद्धतच होती, त्यामुळे इथून पाठवलेली लग्नाची कॅसेट तिकडे सरळ लागायची. अमेरिकेत गेलेल्या नातेवाइकांकडे मात्र एनटीएससी, सेकंदाला जवळपास ३० चौकटी, रेषा वेगळ्या. न्यू जर्सीच्या दिवाणखान्यात मुरूडचं लग्न काळ्यापांढऱ्या पट्ट्यांत थरथरत राहायचं, आणि इकडे फोनवर “पाठवलेली कॅसेट बघितली का?” हा प्रश्न टाळला जायचा.

चित्राचं इतकं बोललो, पण या किनाऱ्यावर मला जास्त काळजी आवाजाची वाटते.

आगरी लग्नात धवलारीण असते. ती लग्नातल्या विधींचे धवले म्हणते. मांडव, हळद, प्रत्येक टप्प्याची गाणी तिला तोंडपाठ. लिहिलेलं फार थोडं, ऐकून ऐकून पुढे आलेलं बरंच. १९९० नंतर जवळजवळ प्रत्येक लग्नात कॅमेरा होता, म्हणजे धवलारणी गात असताना समोर माईक होता. आपल्याकडे त्यांच्या ध्वनिमुद्रणाचा डोंगर असायला हवा. तो नाही, कारण मिक्सिंग. स्टुडिओवाल्यानं हळदीच्या प्रसंगावर सिनेमातलं गाणं चढवलं, मूळ आवाज पूर्ण खाली केला, आणि हौसेनं. गिऱ्हाइकालाही तेच हवं होतं. व्हीसीडीतल्या आवाजाचा प्रवाह कितीही नीट ओळखा, त्यात धवला नाहीच; म्हातारीचे ओठ हलताना दिसतात आणि वाजतं भलतंच. धवला सापडलाच तर मूळ कॅसेटमध्ये: व्हीएचएस किंवा मिनी डीव्ही. मिनी डीव्हीतला आवाज दाबलेला नसतो, आणि चित्रही सेकंदाला २५ मेगाबिटनं, म्हणजे तासाला सुमारे १३ जीबी साठवलेलं असतं. म्हणून घरच्यांनी स्टुडिओत जाऊन ‘सीडीची कॉपी’ मागण्यापेक्षा ‘मूळ टेप आहे का हो?’ असं विचारावं. अनेकांनी टेप पुसून पुढच्या लग्नाला वापरल्या. पण सगळ्यांनी नाही.

दुसरा साठा जुन्या फोनांत आहे. २००६ ते २०१२ च्या सुमारास गावागावांत मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड गाण्यांनी भरून मिळायचं; त्याच कार्डांवर लोकांनी स्वतः केलेल्या थ्रीजीपी चित्रफितीही आहेत. बोटीवरच्या, होळीच्या, नारळी पौर्णिमेच्या. चित्र एच.२६३, टपाल तिकिटाएवढं. आवाज एएमआर. हे एएमआर फोनवरच्या बोलण्यासाठी घडवलेलं. सेकंदाला फक्त ८,००० नमुने, जास्तीत जास्त १२.२ किलोबिट, म्हणजे व्हीसीडीच्या आवाजाचा अठरावा हिस्सा. त्याची रीत अशी की माणसाचा घसा आणि तोंड यांतून आवाज कसा घडेल याचं गणित बांधायचं आणि तेवढंच साठवायचं. आजीचा एकटीचा आवाज त्यातून ओळखू येतो. मागे ताशा आणि बेंजो सुरू झाला की ते गणित कोलमडतं, कारण ताशाला घसा नसतो. सगळा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. अशी फाईल नातवानं एमपी-३ करून घेतली की ती वाजते सगळीकडे, पण नुकसानीवर दुसरं नुकसान चढतं, आणि मूळ एएमआर फाईल पुष्कळदा डिलीट होते. पुढे कोणी आवाज साफ करायला घेतला, तर त्याला मूळच लागणार.

कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर कोर्लई आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून घडलेली एक भाषा बोलली जाते. बोलणारे तिला ‘नॉ लिंग’ म्हणतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर १९९६ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. थोडक्या घरांतल्या अशा भाषेचं ध्वनिमुद्रण करताना कोडेकचा प्रश्न चैनीचा राहत नाही. ‘स’ आणि ‘श’ यांना वेगळं करणारी बरीचशी माहिती ४,००० हर्ट्झच्या वर असते, आणि एएमआर नेमकी तीच कापतं. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस त्यामुळे स्पष्ट आहे: न दाबलेला आवाज, निदान ४८,००० नमुने, २४ बिट. महाराष्ट्रात याचं मोठं उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, बर्नार बेल यांच्या मदतीनं १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं, आणि आज ते ‘परी’ या ग्रामीण संग्रहातर्फे लोकांपर्यंत येतं. ते आज ऐकू येतं, कारण जमवणाऱ्यांनी आपल्याकडे काय आहे आणि ते कशात आहे याची नोंद ठेवली. धवल्यांच्या वाट्याला असं काही आलेलं नाही. आगरी-कोळी गीतांच्या नावाखाली लाखो वेळा ऐकली जाणारी गाणी आहेत, पण ती स्टुडिओतली. मला ती आवडतात. तो विषय वेगळा.

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून जास्त. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारी आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. हजारो लोकांच्या हातात फोन होते. वीज आणि नेटवर्क कितीतरी दिवस नव्हतं. या एका दुपारच्या चित्रफितींत कोडेकच्या सगळ्या तऱ्हा भेटतात.

पहिली तऱ्हा अर्धवट फाईल. फोन चित्रीकरण करताना प्रवाह लिहीत जातो आणि ‘मूव्ह’ हा कप्पा, म्हणजे आत काय आहे याची यादी, बहुधा सगळ्यात शेवटी लिहितो. बॅटरी संपली, फोन पाण्यात पडला, तर यादी राहून जाते. दोनशे एमबीची फाईल आहे, पण कुठलंच साधन सांगू शकत नाही की चित्र कुठे सुरू होतं. फाईल करप्ट आहे, असं दुकानदार सांगतो. पण त्याच फोनवर, त्याच सेटिंगमध्ये काढलेली दुसरी चांगली फाईल मिळाली, तर तिची यादी नमुना म्हणून वापरून पहिली पुष्कळदा उभी करता येते. त्यासाठी तो फोन विकलेला नसावा एवढीच अट.

दुसरी तऱ्हा व्हॉट्सअ‍ॅपची. तेव्हा व्हिडिओला १६ एमबीची मर्यादा होती. १०८० रेषांचं एक मिनिट आयफोनवर एच.२६४ मध्ये १३० एमबीच्या आसपास जातं, एचईव्हीसीत ६०. ते १६ मध्ये कोंबताना नारळाच्या झावळ्यांची हिरवी खळ होते. मुंबईच्या नातेवाइकानं ती जपून ठेवली आणि गावच्या फोनमधली मूळ फाईल जागा कमी पडली म्हणून गेली. मीडियाइन्फोत अशी फाईल टाकली तर कोणत्या फोननं काढली, कुठे काढली, हे बहुतेक पुसलेलं दिसतं. फाईल किती हातांतून गेली याचा थोडा अंदाज येतो तो असाच, जे नाही त्यावरून.

तिसरी एचईव्हीसीची. २०१३ मध्ये ठरलेलं हे कोडेक ॲपलनं २०१७ पासून आयफोनवर सुरू केलं. तेच चित्र निम्म्या जागेत. पेटंटचा गुंता मोठा असल्यानं विंडोजवर त्याच्यासाठी वेगळी जोड घ्यावी लागते, आणि जुना टीव्ही तर तोंडच फिरवतो. याच कारणानं मांडव्याच्या लाँचमध्ये पिक्चर बघणाऱ्यांना एमएक्स प्लेअर ‘ईएसी-३ चालत नाही’ असा निरोप देतो: तिथेही परवान्याचा पैसा. पण एचईव्हीसीत एक मजेदार अडचण आहे. आतला माल तोच, खूण ‘एचव्हीसी१’ असली तर आयफोन वाजवतो, ‘एचईव्ही१’ असली तर नाही. इथे कन्व्हर्ट करायला बसणारा माणूस तासभर संगणक तापवतो आणि चित्राचा दर्जा घालवतो. ओळखणारा माणूस एफएफएमपेगला प्रवाह जसेच्या तसे उचलून नव्या खुणेनिशी ठेवायला सांगतो. काही सेकंदांचं काम, चित्राच्या एका ठिपक्यालाही धक्का नाही. बरेच ‘लागत नाय’ असे डबा बदलूनच सुटतात. ते करण्याआधी आत काय आहे ते मात्र बघावं लागतं, आणि गर्दीच्या दिवसांत काउंटरवर तेवढा वेळ कोणाला नसतो.

कोर्टकचेरीत हाच प्रश्न जास्त महाग पडतो. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात २९६ मतांनी निकाल लागला, आणि उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, यावर खटला उभा राहिला. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या व्हीसीडी. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र अधिकाऱ्यांनी दिलेलं नव्हतं. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ यंत्र हजर न करता प्रत दिली तर प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही अट कलम ६३ मध्ये आहे, आणि आता प्रमाणपत्रावर फाईलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाईलच्या सगळ्या बाइटांवरून काढलेला आकडा. एक बाइट बदलला तरी तो वेगळा येतो. सोसायटीच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीचे डीव्हीआर स्वतःच्याच डब्यांत फायली काढतात, डीएव्ही वगैरे नावांच्या, आणि त्या साध्या प्लेअरवर लागत नाहीत. पोलिसांना सोयीचं जावं म्हणून दुकानदार भल्या मनानं एमपी-४ करून देतो आणि मूळ पुसतो. कोडेक ओळखून, मूळ जशीच्या तशी ठेवून, बघण्यासाठी वेगळी प्रत दिली असती तर वकिलाला बोलायला जागा राहिली नसती.

घरच्या संग्रहालाही हाच नियम पुरतो: मूळ फाईल हलवू नका, बघायची प्रत वेगळी करा. टेपवरून नव्यानं उतरवून घेत असाल तर संग्रहालयं वापरतात ते एफएफव्ही-१ हे कोडेक एमकेव्ही डब्यात मागता येईल. त्यात काहीच गमावलं जात नाही आणि त्याची रचना २०२१ पासून खुल्या मानकात लिहिलेली आहे. इथल्या स्टुडिओत तुम्हाला विचित्र नजरेनं बघतील, जागाही भरपूर लागेल. मिनी डीव्ही असेल तर तेही नको. टेपवरचा डीव्ही प्रवाह तारेनं जसाच्या तसा उतरवायचा.

आजची लग्नं तर आणखी गमतीची. कॅमेरे दहा बिटांचं, ४:२:२ रंगांचं चित्र घेतात, आणि घरच्या टीव्हीतली चिप ४:२:० च्या पुढे सहसा जात नाही. म्हणून हुशार स्टुडिओवाले पेन ड्राईव्हमध्ये दोन फोल्डर देतात, टीव्हीसाठी एक, मोबाईलसाठी एक, दोन्ही एच.२६४. हळदीवर अजूनही गाणं चढवलेलं असतंच. आता ड्रोनही असतो. पण कॅमेऱ्याच्या मूळ फायलींत पुष्कळदा पीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला आवाज असतो, सेकंदाला ४८,००० नमुने. धवलारीण अजून गावात असेल तर तिचा आवाज त्या फायलींत जितका स्वच्छ आहे तितका या किनाऱ्यावर आधी क्वचितच मुद्रित झाला असेल. स्टुडिओत त्याला ‘रॉ’ म्हणतात, आणि मागितल्याशिवाय तो कोणी देत नाही. सीझनमध्ये कार्ड पुढच्या लग्नासाठी रिकामं होतं, हार्ड डिस्क चार-सहा महिन्यांत. हळदीचा रॉ हवा असेल तर ऑर्डर देतानाच तसं बोलून, रिकामी हार्ड डिस्क हातात ठेवून यायचं.